तिरपी रेघ

खिडकीतल्या कारकुनाने बोट ठेवलं ते बरोबर त्या एका अक्षरावर. "वाचता येतं ना काका? काय लिहिलंय इथे?" त्याने वाचलं. 'भाडेपावती व वीजबिल जोडावे.' "व. म्हणजे दोन्ही. तुम्ही नुसती भाडेपावती आणलीत. लाइटबिल कुठाय? अर्जदाराच्या नाहीतर जवळच्या नातेवाइकाच्या नावाचं लागेल." बहिणीच्या खोलीचं लाइटबिल घरमालकाच्या नावावर येतं, चार खोल्यांना मिळून एकच मीटर आहे, भाड्याने राहणाऱ्याच्या नावावर बिल यायचं तरी कसं, हे सगळं तो रांगेत दीड तास मनातल्या मनात घोकत आला होता, कारण पुढच्या तीन बायकांना ह्याच कारणासाठी परत जाताना त्याने पाहिलं होतं. पण बोटाखालचा तो 'व' दिसला आणि घोकलेलं सगळं जागच्या जागी विरलं. ते वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. 'व'च्या पुढे जागा जरा जास्त सुटली होती, केसभरच, दुसऱ्या कुणाला शंभर वर्षांत दिसली नसती. तिथे आधी काहीतरी होतं आणि ते काढलं गेलं होतं. कुणी काढलं ते आठवायला त्याला कष्ट पडले नाहीत. "शुक्रवारपर्यंत मुदत आहे, बिल घेऊन या," कारकून म्हणाला आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत ओरडला, "पुढचा!" मागच्या माणसाच्या कोपराने त्याला बाजूला केलं.

सरकारी छापखान्यात तो मुद्रितशोधक होता. छापण्याआधी मजकूर तपासायचा, चुकलं असेल तिथे लाल शाईने खूण करायची, समासात दुरुस्ती लिहायची, हे काम त्याने एकतीस वर्षं केलं होतं आणि निवृत्तीला आता तीन महिने उरले होते. ऑफिसात त्याला अनुस्वार म्हणत: बुटका, गोल, आणि कायम दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेला. त्याला हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बाजारात चालताना दुकानाच्या पाटीवर चुकीची वेलांटी दिसली की हा आत शिरून मालकाला सांगणार. त्यामुळे बायकोने त्याच्याबरोबर बाजाराला जाणंच सोडलं होतं. चार वर्षांपूर्वी मेव्हणा गेला तेव्हा दवाखान्याने दिलेल्या दाखल्यावर 'मृत्यु' ऱ्हस्व लिहिलेला होता, आणि धाकटी बहीण भिंतीला टेकून बसलेली असताना हा तिथल्या माणसाला समजावत होता की मृत्यू दीर्घ असतो. तो माणूस म्हणाला होता, "ते तुमच्या ताईंना विचारा." तेव्हा त्याला त्या माणसाच्या उद्धटपणाचा राग आला होता. आज कचेरीच्या पायऱ्या उतरताना, एका हाताने कठडा धरून, बहिणीचा परत आलेला अर्ज दुसऱ्या हातात धरून, त्याला प्रथमच वाटलं की धाकटीने ते ऐकलं असेल. ऐकलं असणारच. ती चार हातांवर तर बसली होती.

आठवायचं नव्हतं ते पायरीपायरीला आठवत गेलं. अडीच महिन्यांपूर्वीची दुपार. भाव भडकले म्हणून कमी मिळकतीच्या कुटुंबांना सहा महिने घरखर्चाला मदत द्यायचं सरकारने जाहीर केलं होतं आणि अर्जाचा नमुना छापायला आला होता, नेहमीसारखा घाईचा, कालच हवा होता असा. मूळ प्रत वाचायला वाचक होता. वाचक म्हणजे हस्तलिखित मोठ्याने वाचून दाखवणारा. तो वाचतो आणि शोधक छापील कागदावर डोळा ठेवतो. स्वल्पविराम आला की तो 'स्वल्पविराम' म्हणतो, कंस आला की 'कंस सुरू'. आवाज दणदणीत, आणि जेवण झाल्यावर त्याला जरा चेष्टेची लहर येई. खात्याने लिहून पाठवलं होतं 'भाडेपावती व/वा वीजबिल'. पहिल्यांदा त्याने नीट वाचलं, 'व, तिरपी रेघ, वा'. दुसऱ्यांदा रेघ गिळली. "भाडेपावती व वा वीजबिल!" टंकलेखनाच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "व्वा! वीजबिलाला व्वा म्हणणारं पहिलंच सरकार." सगळी खोली हसली. तोही हसला, आणि हसता हसता, सगळे बघताहेत हे ठाऊक असल्यामुळे जरा ऐटीतच, त्याने लाल पेनाने ती तिरपी रेघ आणि पुढचा 'वा' खोडला. "एक तर व असतो नाहीतर वा," तो म्हणाला होता, "दोन्ही डगरींवर हात ठेवायची सोय मराठीत नाही." वाचकाने टाळी दिली होती. आणि शिवाय ओळ बसली होती. नाहीतर 'जोडावे' एकटंच खालच्या ओळीत लोंबत राहिलं असतं.

मजकूर खात्याचा असतो, त्याला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि प्रत खात्याकडे परत धाडायची. हा पहिला नियम; नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतःच हे शिकवायचा, आणि शिकवताना आवाज चढवायचा. मग त्या दिवशी प्रश्नचिन्ह का नाही काढलं? आणि दोघांतला 'व'च का ठेवला? बस थांब्यावर आली, निघून गेली, तो चढला नाही. 'वा' ठेवला असता तर भाडेपावती नाहीतर वीजबिल, दोहोंपैकी काहीही एक चाललं असतं. खात्यालाही तेच म्हणायचं असणार, नाहीतर त्यांनी रेघ कशाला घातली असती? त्याने मनाला पिळून पिळून विचारलं की खोडताना आपल्या डोक्यात नेमकं काय होतं. काहीसुद्धा नव्हतं. 'व' आधी आला होता, म्हणून तो राहिला. इतकंच. दोन्ही हवेत की एक पुरे, ह्या गोष्टीवर कुणाची तरी चूल चालायची आहे, हे त्या दुपारी त्याच्या गावीही नव्हतं. त्याला फक्त ती रेघ कुरूप दिसत होती. मग त्याच्या लक्षात आलं की तो थांब्यावर उभ्या उभ्या ओठ हलवून बोलतोय आणि शेजारची बाई जरा सरकून उभी राहिली आहे.

धाकटी दवाखान्याच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. रोजंदारीवर, एक दिवस बुडाला की त्या दिवसाचं गेलं, म्हणून तर अर्ज द्यायला तो गेला होता. संध्याकाळी तिच्याकडे गेला तेव्हा ती पाय उशीवर घेऊन बसली होती, पोटऱ्या सुजलेल्या, आणि भाची, जी यंदा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, तेलाचा हात लावत होती. एकच खोली. एका भिंतीला कपाट, एका भिंतीला ओटा, आणि उरलेल्या जागेत दोघी. घरमालकाने भाडं वाढवलं होतं, आणि धाकटीने त्याला सांगितलं होतं की मदतीच्या यादीत नाव लागलं की वाढीव देईन. तो बरा माणूस. म्हणाला, यादीपर्यंत थांबतो. यादीत नाव नाही तर खोली रिकामी करायची, हेही तो तितक्याच बरेपणाने म्हणाला होता. "घेतला का रे अर्ज?" धाकटीने विचारलं. त्याने सांगितलं, लाइटबिल मागतात. "पण ते माझ्या नावावर कुठनं येणार?" "तेच तर." "मग तू काय म्हणालास?" तो काय म्हणाला होता? काहीच नव्हता म्हणाला. "बघतो काहीतरी," तो म्हणाला, आणि भाचीकडे बघायचं टाळलं, कारण ती मामाकडे अशी बघत होती, जणू सरकारात मामाचं वजन आहे. धाकटीने पाय खाली घेतला. "दादा, कसंही कर, पण हे एवढं कर. इथून उठले तर मला पुन्हा तुझ्याकडे यायला लावू नकोस." रागाने नव्हती म्हणाली. मेव्हणा गेल्यावर ती आठ महिने त्याच्याकडे राहिली होती, दोन खोल्यांत सहा माणसं, आणि त्या आठ महिन्यांत तिची आणि त्याच्या बायकोची भांडणं कधी झाली नाहीत. दोघी फक्त एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. निघताना धाकटीने स्वतःची ताटली तेवढी बरोबर नेली होती. त्यानंतर ती त्याच्या घरी जेवली नव्हती.

बायकोने मात्र प्रश्न दोन मिनिटांत सोडवला. ती भाजी निवडत होती, निवडता निवडताच म्हणाली, "आपलं बिल आहे ना तुमच्या नावावर? भावाचं चालतंच. वन्सं आपल्याकडे भाड्याने राहतात असं लिहून द्या. पावती तुम्ही द्यायची, बिल आपलं जोडायचं. कोण येतंय बघायला?" तो म्हणाला, हे खोटं आहे. "राहत होत्या की आठ महिने," बायको म्हणाली, आणि हातातली काडी मोडून टोपलीत टाकली. "तेव्हा ते खरं होतं तर कुणाला बरं वाटत होतं?" तिला नणंद पुन्हा घरात नको होती आणि नणंदेचं वाईटही व्हायला नको होतं. ह्या दोन्ही गोष्टी तिच्या मनात एकाच वेळी सुखाने नांदत होत्या, व आणि वा दोन्ही, आणि त्याला तिचा हेवा वाटला. त्याने पावतीचा कागद घेतला. 'माझ्या राहत्या घरातील एक खोली' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. सही केली. लाइटबिलाची घडी घालून दोन्ही पाकिटात घातली. हे सगळं करताना त्याला धाकटीचं काम झालं म्हणून छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि ओझं उतरलं त्याचीच भीती वाटली. त्या कागदात एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती.

बुधवारी तो लवकर छापखान्यात गेला. झालेल्या कामाच्या तपासणीच्या प्रती मागच्या खोलीत गठ्ठे बांधून ठेवलेल्या असत, वर्षभर, मग रद्दीत जात. त्याने अडीच महिन्यांपूर्वीचा गठ्ठा काढला. मनात एक वेडी आशा होती: कदाचित खूण आपली नसेल, कदाचित खात्याकडूनच आधी दुरुस्ती आली असेल आणि आपल्याला भलतंच आठवत असेल, म्हातारपण आलंय. तिसऱ्या पानावर ते होतं. तिरपी रेघ, पुढचा 'वा', आणि त्यांच्यावरून गेलेला लाल फराटा, शेवटी किंचित वर वळवलेला. तो खोडताना नेहमी शेवट वर वळवायचा. शिकाऊ मुलं त्याची नक्कल करत. समास कोरा होता. प्रश्नचिन्ह नाही, आद्याक्षरं मात्र खाली होती, त्याची. त्याने तो कागद हातात धरला आणि एकाएकी त्याला हातातलं सगळं फाडून टाकावंसं वाटलं, इतकं जोरात की बोटं कागदाच्या कडेला जाऊन चिकटली. खोलीत कुणी नव्हतं. हा एक कागद गेला की खूण कुणाची हे कुणाला कळणार नाही. टंकलेखकावर जाईल, वाचकावर जाईल, नाहीतर कुणावरच जाणार नाही. धाकटीचा अर्ज पाकिटात तयार आहे. मग अडलंय कुठे? बाहेर यंत्र सुरू झालं आणि जमीन थरथरली. तो कागद घेऊन अधीक्षकाकडे गेला तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं की आपण तिथे कबूल करायला चाललोय की दडवायला मदत मागायला.

अधीक्षक त्याच्याच हाताखाली शिकलेला. एके काळी त्याच्या टेबलाशी उभा राहून समासातल्या खुणा वहीत उतरवून घ्यायचा. आता मोठ्या टेबलामागे बसायचा, पण अजून 'सर' म्हणायचा. त्याने कागद पाहिला, दार लावून घेतलं आणि खात्यात फोन लावला. हा समोर बसून एका बाजूचं बोलणं ऐकत राहिला. हो. नमुन्यातली चौथी ओळ. हो, व आणि वा. नाही, अजून लेखी नाही. मग अधीक्षक बराच वेळ नुसता हं हं करत राहिला आणि शेवटी हसला. फोन ठेवून म्हणाला, "सर, तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय. ते खूश आहेत." "खूश?" "अंदाजापेक्षा अर्ज निम्मे आलेत. वरचे म्हणतात, छाननी छान झाली. तुमच्या एका फराट्याने खात्याचं काम हलकं केलं. ते म्हणाले, आमचा उद्देश तसाच होता असं समजा." एकतीस वर्षांत त्याच्या कामाची खात्याने केलेली ही पहिली स्तुती होती. "तसा उद्देश असता तर रेघ कशाला घातली असती त्यांनी?" तो म्हणाला. "असं तोंडी विचारलंत तर तोंडी उत्तर मिळेल, सर. लेखी दिलंत तर त्यांना लेखी द्यावं लागेल, आणि आमचा उद्देश असा होता हे कागदावर लिहायला कुणी धजणार नाही. मग निघेल शुद्धिपत्रक." अधीक्षकाने दार नीट लागलंय का पाहिलं. "पण लेखी दिलंत की चौकशी तुमच्यावर. ती संपेपर्यंत पेन्शन अडकेल. आणि चौकशीत पहिलं हेच बघतील की तुमच्या कुणा नातेवाइकाचा अर्ज आहे का. नाही ना?" त्याने मान हलवली. हो की नाही, हे त्या मान हलवण्यात कुणालाच कळलं नसतं. अधीक्षकाने तपासणीची प्रत टेबलावरून त्याच्याकडे सरकवली, अगदी हळू, दोन बोटांनी. "गठ्ठे तसेही रद्दीत जायचेत," तो म्हणाला. "तुम्ही शिकवलंत म्हणून सांगतो."

गुरुवारी सकाळी तो पुन्हा रांगेत होता. खिशात पाकीट, पाकिटात खोटी पावती आणि खरं बिल. रांग परवापेक्षा लांब, कारण उद्या मुदत संपणार. त्याने ठरवलं होतं: धाकटीचं काम करायचं, घरी जायचं, तीन महिने गप्प काढायचे. मेलेल्या माणसाच्या दाखल्यावरचा उकार सुधारणाऱ्याने जिवंत माणसासाठी एकदा खोटं लिहिलं तर काय आकाश कोसळतं? त्याला मधेच जुनं आठवलं. धाकटी सहा वर्षांची आणि तो चौदाचा, तो तिला शुद्धलेखन घालायचा, आणि काना विसरली की पट्टी. ती रडायची नाही. पट्टी खायची, काना घालायची, आणि पुढच्या ओळीत पुन्हा विसरायची. एकदा आईने विचारलं होतं, एवढ्याशा रेघेसाठी मारतोस? तो म्हणाला होता, रेघ एवढीशी असते पण अर्थ बदलतो. किती शहाणा होता तो चौदाव्या वर्षी. पुढच्या बाईने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. कडेवर पोर, त्याचं नाक सर्दीने वाहतंय, हातात अर्जाचा कागद, चार घड्या पडून मऊ झालेला. "काका, जरा वाचून देता का? हे इथलं. दोनदा परत पाठवलं मला, काय पाहिजे तेच कळत नाही." त्याने कागद घेतला. चौथी ओळ. त्याला वाटलं होतं आपण वाचू, जसं आहे तसं, वाचकासारखं, अक्षराला अक्षर. "भाडेपावती," तो म्हणाला, आणि जीभ अडली. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. "भाडेपावती किंवा वीजबिल," तो म्हणाला. "म्हणजे एक पुरे?" "एक पुरे." बाईने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पण आतला तर दोन्ही म्हणतो. छापलंय म्हणतो." "चुकीचं छापलंय." "तुम्हाला हो काय माहीत?" बाईचा स्वर भांडखोर नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्याच्या मागचे दोघंतिघंही आता कान देऊन ऐकत होते.

काय माहीत, हे सांगायला तो तोंड उघडणार होता. इथे, ह्या रांगेत सांगितलं तर ही माणसं काय करतील? मारतील? मारलं तर बरंच, असं क्षणभर वाटलं, म्हणजे हिशेब मिटेल. पण ती मारणार नव्हती, हे त्याला बाईच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती फक्त विचारणार होती, मग आता आम्ही काय करायचं? आणि त्याच्या खिशात उत्तर होतं, एकाच माणसाला पुरेल एवढं. तो रांगेतून बाहेर पडला. "काका, नंबर जाईल तुमचा," मागून कुणीतरी म्हणालं. तो छापखान्यापर्यंत चालत गेला, बस घेण्याइतका धीर नव्हता. थांब्यावर उभं राहिलो तर परत वळू असं वाटत होतं. आपल्या टेबलाशी बसून त्याने पाकीट काढलं, खोटी पावती फाडली, तुकडे टोपलीत टाकले. कबुली आणि ही पावती, दोन्ही गोष्टी एकदम जमणाऱ्या नव्हत्या. चौकशीत ती पावती निघाली असती तर त्याच्या कबुलीवर कुणी विश्वास ठेवला नसता, बहिणीसाठी कुभांड रचलं म्हणाले असते, आणि धाकटीचं नाव तर पहिल्या झटक्यात उडालं असतं. हे त्याने स्वतःला नीट समजावून सांगितलं. सांगून झाल्यावरही टोपलीकडे बघवेना. मग त्याने लिहायला घेतलं. 'सदर नमुन्याच्या मुद्रणपूर्व तपासणीत मी, खात्याची परवानगी न घेता,' आणि पुढे काय केलं ते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने लिहिलेलं पुन्हा वाचून पाहिलं नाही.

खात्याच्या आवक टेबलावर एक पोक्त बाई बसली होती. तिने पत्र, जोडलेली तपासणीची प्रत, दोन्हीवर शिक्के मारले. "साधं की तातडीचं?" "तातडीचं." "सगळे तातडीचंच म्हणतात," ती म्हणाली आणि वाचू लागली. वाचता वाचता तिचा शिक्क्याचा हात खाली आला. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे, मग उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. "साहेबांनी स्वतःकडे घेतलंय. उद्या दुपारपर्यंत खिडक्यांना सूचना जाईल किंवा नाही जाणार, मी काही सांगू शकत नाही. तुम्हाला मात्र पत्र येईल, ते नक्की." तिने पोच दिली. ती शिक्का मारलेली प्रत घेताना त्याला विचित्र हलकं वाटलं, तापातून उठल्यासारखं, आणि ते हलकेपण धाकटीच्या जिन्यापर्यंत टिकलं. तिथे पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पाय उचलेना. तिला काय सांगायचं हे त्याने ठरवलंच नव्हतं. इतका वेळ तो फक्त स्वतःचं ठरवत होता.

धाकटी नुकतीच कामावरून आली होती, हाताची बोटं वाफेने पांढरी. "दिलास?" तिने दारातच विचारलं. वहिनीने युक्ती सुचवली हे तिला फोनवरून कळलं होतं. चार वर्षांत दोघींनी एकमेकींना केलेला तो पहिला फोन. तो खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. रेघ, वाचक, हसणं, फराटा, अधीक्षक, पत्र. आवाज फार चढवला नाही, स्वतःची बाजू घेतली नाही, निदान त्याला तसं वाटलं. भाची ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तिने गॅस बारीक केला. धाकटीने पदराला बोटं पुसली. मग म्हणाली, "म्हणजे ते तू केलंस." "हो." "आणि माझा अर्ज दिला नाहीस." "नाही." "आधी माझं करायचंस, दादा. मग खरं बोलायचंस. दोन दिवसांत खरं काही नासलं नसतं." ती त्याच्यासमोर येऊन बसली. "तुला झोप लागावी म्हणून तू माझी खोली घालवलीस." हे त्याला सुचलं नव्हतं, आणि ते ऐकताक्षणी त्याला कळलं की ह्यात खोटं काही नाही. जिन्यापर्यंत टिकलेलं ते हलकेपण दुसरं काय होतं? तो कसाबसा म्हणाला, "उद्या मुदत संपते. नंतर बोललो असतो तर बाकीच्यांना काही उपयोग नव्हता." "बाकीचे," धाकटी म्हणाली. "किती आहेत बाकीचे?" "मला काय माहीत. असतील हजारो." "तुला माहीत नाही. मला माहीत आहेत. आमच्या लाँड्रीतल्याच सात जणी परत आल्यात. घडी घालणारी, तिच्या शेजारची ती बहिरी, धुलाईतल्या दोघी मायलेकी." ती बोटांवर मोजत गेली, आणि सातव्या बोटाशी थांबून तिने हात पुढे केला. "बघू तो कागद." त्याने पोच दिली. तिने ती ओळीवर बोट फिरवत सावकाश वाचली, शिक्का नखाने खरवडून पाहिला, वाळलाय ना म्हणून. "हे दाखवून त्या खिडकीतल्याला म्हणायचं, अर्ज ठेवून घे. नाही घेतलास तर नाही घेतला असं लिहून दे, सही कर. त्याची नाही हिंमत व्हायची." मग भाचीला म्हणाली, "घडीवालीला फोन लाव. म्हणावं उद्या खाडा कर, बाकीच्यांनाही सांग, नुसती भाडेपावती घेऊन कचेरीपाशी या." आणि त्याला म्हणाली, "तू सातला ये. सगळ्यांसमोर तू सांगायचंस, ही चूक माझी आहे म्हणून. मी नाही सांगणार." तो हो म्हणाला. दाराशी जाऊन चपला घालताना त्याच्याने राहवलं नाही. "रागावलीस माझ्यावर?" धाकटी कपाटातून भाडेपावत्या काढत होती, तिने मान वर केली नाही. "ते शनिवारी बघू," ती म्हणाली. "आत्ता वेळ नाही."